पाण्याखाली श्वास घेणारा माणूस : झाक कुस्तो



या वर्षीच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचा परिचय लिहून द्या, असे संपादक मंडळाने सांगितले, तेव्हा माझ्या मनात एकच नाव आले. ते ना मराठी, ना भारतीय. पण आपण पडलो बेटावरची माणसे. नोकरीच्या निमित्ताने पोर्ट ब्लेअरला (२०२४ पासूनचे श्री विजयपुरम) आलो आणि समुद्र आपला शेजारी झाला. त्या शेजाऱ्याच्या घरात डोकावण्याची खिडकी ज्यांनी साऱ्या जगाला उघडून दिली, ते फ्रान्सचे झाक-ईव्ह कुस्तो.

हे नाव सुचण्यामागे एक घरगुती प्रसंग आहे. तो आधी सांगतो.

दिवाळी सरली की आपल्याकडे पाहुण्यांचे फोन सुरू होतात, हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. पूर्वी पाहुणे आधी सेल्युलर जेलची चौकशी करत. आता पहिला प्रश्न असतो तो स्कूबा कुठे करायचे हा. असाच माझा भाचा पुण्याहून सहकुटुंब आला. हॅवलॉकला (२०१८ पासूनचे स्वराज द्वीप) राहिला, राधानगरच्या किनाऱ्यावर सूर्यास्त पाहिला, स्कूबा केले आणि खूश होऊन परतीला निघाला. विमानतळावर त्याच्या बॅगेत पांढऱ्या प्रवाळाचा एक तुकडा निघाला. प्रवाळ उचलणे आणि बाळगणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. तुकडा जप्त झाला, लेखी जबाब द्यावा लागला आणि पोरांसमोर त्याची मान खाली गेली. फोनवर त्याने मला फार साधी गोष्ट विचारली. मामाच्या शोकेसमध्ये तसाच तुकडा इतकी वर्षे आहे, मग यात एवढे काय आहे असे त्याला वाटले, तर चूक कोणाची?

मला उत्तर देता आले नाही. नोकरीच्या पहिल्याच वर्षी किनाऱ्यावरून उचललेला तो तुकडा मी प्रत्येक पाहुण्याला कौतुकाने दाखवत आलो होतो. त्याच सुमारास मी कुस्तोंचे आयुष्य नव्याने वाचत होतो, त्यांच्या जुन्या फिल्म पाहत होतो. समुद्रावर इतके प्रेम करणाऱ्या या माणसाच्या हातूनही माझ्यासारखीच, किंबहुना माझ्याहून मोठी चूक झाली होती. आणि पुढे त्यांनी ती आयुष्यभर निस्तरली.

आजारी मुलगा, मोडलेले हात

कुस्तोंचा जन्म ११ जून १९१० रोजी फ्रान्समधील बोर्दो शहराजवळच्या सेंत-आंद्रे-द-क्युबझाक या गावी झाला. वडील वकील होते आणि श्रीमंत अमेरिकन गृहस्थांचे खासगी सचिव म्हणून काम करत. त्यामुळे घर सतत फिरतीवर. लहानपणी झाकची प्रकृती तोळामासा होती. दहा वर्षांचे असताना कुटुंब काही काळ न्यूयॉर्कला होते. तिथल्या उन्हाळी शिबिरात तळ्याच्या तळाशी अडकलेल्या फांद्या काढण्याच्या कामी त्यांना लावले गेले आणि पाण्याखालचे पहिले दर्शन त्यांना असे झाले. तेराव्या वर्षी साठवलेल्या पैशांतून त्यांनी चलच्चित्राचा कॅमेरा घेतला. पाणी आणि कॅमेरा या दोन गोष्टींनी मग त्यांची साथ कधी सोडली नाही. अभ्यासात मात्र लक्ष नव्हते. शाळेच्या खिडक्यांच्या काचा फोडल्याबद्दल त्यांना शाळेतून काढलेही होते.

१९३० साली ते ब्रेस्ट येथील नौदल प्रबोधिनीत दाखल झाले. इच्छा वैमानिक होण्याची होती आणि प्रशिक्षणही सुरू झाले होते. पण मोटारीच्या भीषण अपघातात दोन्ही हात मोडले आणि विमानाचे स्वप्न संपले. त्यानंतर नेमणूक झाली तूलाँ या भूमध्य समुद्रावरच्या नौदल तळावर. हात सुधारावेत म्हणून ते रोज पोहू लागले. फिलिप तायेझ या सहकारी अधिकाऱ्याने १९३६ साली त्यांना पाण्यात पाहण्याचा चष्मा दिला. तो लावून त्यांनी डोके पाण्यात घातले आणि ज्या समुद्रात ते रोज पोहत होते, त्याचा तळ त्यांना पहिल्यांदा स्पष्ट दिसला. अपघात झाला नसता तर कदाचित ते आयुष्यभर आकाशातच राहिले असते.

१९३७ साली सिमोन मेल्कियोर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. झाँ-मिशेल आणि फिलिप ही त्यांची दोन मुले.

लाकडाच्या गॅसवरची गाडी आणि स्कूबा

त्या काळी पाण्याखाली जायचे दोनच मार्ग होते. एक म्हणजे छातीत श्वास कोंडून बुडी मारणे. दुसरा म्हणजे डोक्यावर धातूचे जड शिरस्त्राण, पायात शिशाचे बूट आणि वर बोटीशी बांधलेली हवेची नळी. पहिल्यात वेळ पुरत नाही, दुसऱ्यात मोकळेपणा नाही. पाठीवर हवेची टाकी घेण्याचे प्रयोग कुस्तोंच्या आधीही झाले होते, पण त्यांत झडप हाताने उघडावी लागे आणि बरीच हवा वाया जाई.

अडचण अशी की पाण्यात दर दहा मीटरला दाब हवेच्या एका पूर्ण दाबाइतका वाढतो. म्हणजे दहा मीटरवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. तिथे छाती फुलवायची तर आत येणारी हवाही तेवढ्याच दाबाची हवी. खोली बदलेल तसा हवेचा दाबही आपोआप बदलायला हवा आणि माणूस श्वास ओढेल तेव्हाच हवा यायला हवी.

याचे उत्तर युद्धाच्या टंचाईत सापडले. फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात होता आणि पेट्रोल मिळत नव्हते. लोक लाकूड-कोळशाच्या गॅसवर मोटारी चालवत. त्यासाठी एर लिकिद या कंपनीतील एमिल गान्याँ या अभियंत्याने गॅसचा पुरवठा गरजेनुसार नियंत्रित करणारी झडप बनवली होती. सिमोन यांचे वडील याच कंपनीच्या संचालकांपैकी होते, त्यामुळे डिसेंबर १९४२ मध्ये कुस्तो आणि गान्याँ यांची गाठ पडली. १९४३ च्या जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, मार्न नदीत पहिली चाचणी झाली आणि ती फसली. उभे राहिले की हवा भसाभस वाया जाई आणि डोके खाली केले की श्वास ओढताना दमछाक होई. हवा आत येण्याची आणि उच्छ्वास बाहेर जाण्याची जागा वेगवेगळ्या उंचीवर असल्याने दाबात फरक पडत होता. दोन्ही जागा जवळजवळ एका पातळीवर आणताच दोष गेला. जून १९४३ मध्ये बांदोलजवळच्या समुद्रात कुस्तोंनी हे यंत्र पाठीवर बांधून मनसोक्त कोलांट्या घेतल्या. माणूस प्रथमच माशासारखा मोकळा झाला. यंत्राचे नाव पडले ॲक्वालंग. आज आपल्याकडे हॅवलॉकला किंवा तिकडे मालवणला पर्यटकाच्या तोंडात जो रेग्युलेटर देतात, तो याच यंत्राचा वंशज.

मी स्वतः पन्नाशी उलटल्यावर एकदा हे केले. तीन मीटरवरच कानांना दडे बसले आणि वर जाण्यासाठी मी हातपाय झाडू लागलो. इन्स्ट्रक्टरने खुणेने नाक दाबून हवा ढकलायला लावली, तेव्हा कान मोकळे झाले. वर येताना श्वास कोंडायचा नाही, ही त्याची ताकीद मी घोकली होती. दहा मीटरवर छातीत भरलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट फुगते, हे त्यामागचे कारण. हे नियम आज पाठ असतात, पण ते कोणी तरी जिवावर उदार होऊन शिकलेले आहेत. युद्धानंतर नौदलात कुस्तो आणि त्यांच्या सोबत्यांनी पाण्याखालील संशोधनाचा गट उभारला आणि सुरुंग काढण्याची कामे केली. १९४७ साली किती खोल जाता येते हे अजमावताना त्यांचा सहकारी मोरिस फार्ग १२० मीटरवर पोहोचला आणि तिथेच बेशुद्ध होऊन गेला. ॲक्वालंगने घेतलेला हा पहिला बळी.

युद्धाने घरातही भिंत उभी केली होती. थोरले बंधू पिएर-आंत्वान हे जर्मनधार्जिण्या साप्ताहिकाचे संपादक होते. युद्ध संपल्यावर त्यांना फाशीची शिक्षा झाली, ती पुढे कमी झाली. धाकटे झाक मात्र शत्रूविरुद्धच्या गुप्त कामगिरीबद्दल सन्मानित झालेले. तरीही नौदलाच्या गणवेशात ते भावाच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले.

कॅलिप्सो

१९५० साली लोएल गिनेस या ब्रिटिश धनिकाने एक जुनी सुरुंग काढणारी नौका विकत घेऊन कुस्तोंना वर्षाला एक फ्रँक या नाममात्र भाड्याने दिली. माल्टाजवळ ती प्रवासी फेरीबोट म्हणून चालत होती. तिचे नाव कॅलिप्सो. तिची डागडुजी करण्यासाठी सिमोन यांनी आपले दागिने विकले. पुढची चाळीस वर्षे सिमोन नवऱ्याहूनही अधिक काळ त्या बोटीवर राहिल्या, खलाशांचे खाणेपिणे आणि दुखणीखुपणी सांभाळत राहिल्या, पण कॅमेऱ्यासमोर मात्र फारशा आल्या नाहीत. आपल्या मंडळातल्या कितीतरी वहिनी मला यावरून आठवतात.

बोट चालवायला पैसा लागतो. १९५४ साली कुस्तोंनी इराणच्या आखातात तेल कंपनीसाठी समुद्रतळाची पाहणी केली, तीही या गरजेपोटी. लाल समुद्र, हिंदी महासागर, सेशल्सची बेटे अशी सफर करत त्यांनी लुई माल या तरुण दिग्दर्शकासह ‘द सायलेंट वर्ल्ड’ हा रंगीत चित्रपट बनवला. १९५६ साली कान महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला, पुढे ऑस्करही मिळाले. जगभरच्या लोकांनी प्रवाळांचे रंग पडद्यावर पाहिले. आपल्या पाहुण्यांना जे पाहायचे असते, त्याची ओढ इथून सुरू झाली.

आता चुकीबद्दल. हाच चित्रपट आज पाहिला तर मध्येच पोटात गोळा येतो. माशांची मोजदाद करण्यासाठी कुस्तोंची माणसे प्रवाळात सुरुंग उडवतात आणि मेलेले मासे गोळा करतात. बोटीच्या पंख्याने व्हेलचे एक पिल्लू जखमी होते. त्याला गोळी घातली जाते, रक्ताच्या वासाने शार्क जमतात आणि खलाशी संतापून त्या शार्कना बोटीवर ओढून मारतात. हिंदी महासागरातल्या अझम्प्शन बेटावर हेच लोक महाकाय कासवांच्या पाठीवर बसून मजा करतात. त्याच बेटाजवळ हेकरू जातीचा एक मोठा मासा माणसांना इतका सरावतो की हातून खाऊ घेतो. एका हाताने खाऊ आणि दुसऱ्या हाताने सुरुंग, दोन्ही एकाच चित्रपटात आहे. तेव्हा कोणाला त्यात काही वावगे वाटले नाही. समुद्र एवढा अफाट, त्याचे काय बिघडणार, अशीच सर्वांची समजूत होती. मी पहिल्या वर्षी किनाऱ्यावर वाकून तो तुकडा उचलला, तेव्हा माझीही नेमकी हीच समजूत होती.

समुद्रातले घर

१९५७ साली कुस्तो मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाचे संचालक झाले आणि पुढे तीन दशके त्या पदावर राहिले. माणसाने समुद्राच्या तळाशी वस्ती करावी, असा त्यांचा त्या काळचा ध्यास होता. १९६२ साली मार्सेयजवळ दोन सहकारी आठवडाभर पाण्याखालच्या खोलीत राहिले. १९६३ साली सुदानच्या किनाऱ्याजवळ, शाब रूमी या प्रवाळभिंतीपाशी, सुमारे दहा मीटर खोलीवर घरच उभारले गेले. तिथे पाच जण महिनाभर राहिले आणि सोबतीला चक्क एक पोपटही होता. १९६५ साली नीसजवळ १०० मीटर खोलीवर सहा जण तीन आठवडे राहिले, त्यांत धाकटा मुलगा फिलिप होता. या प्रयोगांना तेल उद्योगाचाही पैसा होता, कारण समुद्रतळावर काम करणारी माणसे त्यांना हवी होती. पुढे कुस्तोंनी हा नाद सोडला. समुद्रात वस्ती करण्यापेक्षा समुद्र टिकवणे त्यांना महत्त्वाचे वाटू लागले. शाब रूमीला त्या वस्तीचे अवशेष आजही आहेत आणि त्यांच्यावर प्रवाळ उगवले आहेत.

चूक उमगलेला माणूस

बदल एका रात्रीत झाला नाही. १९६० साली फ्रान्सच्या अणुऊर्जा खात्याने किरणोत्सारी कचरा भूमध्य समुद्रात टाकण्याचे ठरवले, तेव्हा कुस्तो उघडपणे विरोधात उभे राहिले आणि तो बेत बारगळला. १९६८ पासून त्यांची दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली आणि लाल लोकरी टोपीतला हा सडपातळ माणूस घरोघरी पोहोचला. वर्षानुवर्षे त्याच त्याच जागी बुडी मारणारा हा माणूस होता. जिथे पूर्वी मासे दाटीने दिसत, तिथे ओसाडी आलेली त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. १९७० च्या दशकात त्यांनी समुद्ररक्षणासाठी स्वतःची संस्था काढली. मासे मोजायला सुरुंग लावणारा हात आता प्रवाळाला बोट लावू नका असे सांगत होता.

या वाटेवर घाव सोसावे लागले. २८ जून १९७९ रोजी लिस्बनजवळ समुद्रविमानाच्या अपघातात फिलिप गेला. बापाने ज्याच्या हाती सारे सोपवायचे ठरवले होते, तोच गेला. १९९० साली सिमोन गेल्या. पुढच्या वर्षी त्यांनी फ्रांसीन त्रिप्ले यांच्याशी विवाह केला. त्यांच्यापासून कुस्तोंना आधीच दोन मुले होती, ही गोष्ट तेव्हा अनेकांना कळली. थोरल्या झाँ-मिशेलने फिजी बेटांवर किनाऱ्यावरील सुट्टीसाठी एक रिसॉर्ट काढले, तेव्हा त्याला दिलेल्या कुस्तो या नावावरून बाप-लेकांचा वाद न्यायालयात गेला. थोरांच्या घरीही मातीच्या चुली, दुसरे काय!

पण काम थांबले नाही. अंटार्क्टिकात खाणी खोदू नयेत म्हणून त्यांनी देशोदेशी सह्या गोळा केल्या, सत्ताधीशांना भेटले. तिथल्या खाणकामाला बंदी घालणारा माद्रिदचा करार १९९१ साली झाला, त्यात त्यांचाही वाटा होता. तेव्हा ते ८१ वर्षांचे होते. त्याच वर्षी त्यांच्या चमूने आपल्या अंदमानवर केलेला माहितीपटही लोकांसमोर आला. ज्या पाण्यात आपण पाय बुडवून उभे राहतो, ते पाणीही या चमूने पाहिले होते, हे कळल्यावर मला त्यांच्याबद्दल अधिकच आपलेपणा वाटला.

जानेवारी १९९६ मध्ये सिंगापूर बंदरात एका तराफ्याच्या धडकेने कॅलिप्सो बुडाली. ती वर काढली गेली, पण पुन्हा सफरीला निघाली नाही. २५ जून १९९७ रोजी पॅरिसमध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, कुस्तोंनी शेवटचा श्वास घेतला. आयुष्य समुद्रात काढलेल्या या माणसाला जन्मगावच्या मातीतच विसावा मिळाला.

आपण काय घ्यायचे?

कुस्तोंकडून जगाने पहिली भेट लगेच उचलली. पाण्याखाली श्वास घ्यायला आपण शिकलो आणि त्यावर सुट्ट्यांचा मोठा व्यवसाय उभा राहिला. त्यावर आपल्या बेटांवरची कितीतरी घरे चालतात, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. दुसरी भेट मात्र तशीच पडून आहे. आपल्या समजुती जुन्या झाल्या हे कबूल करून वागणे बदलणे, ही ती भेट.

आपल्या प्रवाळाचे दिवस बरे नाहीत. २०१० साली आणि पुन्हा २०१६ साली समुद्र तापून अंदमानचे प्रवाळ पांढरे पडले. पाण्याची उष्णता काही आपल्या हातात नाही. पण दगडी प्रवाळाचे कित्येक प्रकार वर्षाला जेमतेम एखादा सेंटीमीटर वाढतात. फिनचा एक फटका किंवा नांगराचा एक ओरखडा पुष्कळ वर्षांची वाढ पुसून टाकतो. एवढे तरी आपल्या हातात आहे. वंडूरच्या राष्ट्रीय सागरी उद्यानात जॉली बॉय बेटावर प्लास्टिक नेऊ देत नाहीत, तेव्हा पाहुणे कुरकुरतात. त्यांना कारण समजावून सांगणे हे आपले, म्हणजे यजमानांचे काम आहे. ते मी केले नव्हते.

शोकेसमधला तो तुकडा मी वन खात्याच्या कार्यालयात नेऊन दिला. तिथे जाताना लाज वाटली, परतताना हलके वाटले. त्या जागी आता कुस्तोंचे एक छायाचित्र आहे. भाच्याला फोन करून चूक माझी होती हे सांगितले. पुढच्या हिवाळ्यात तो पुन्हा येणार आहे, पोरांना घेऊन.

अनंत चतुर्दशीला आपण बाप्पाला याच समुद्राच्या स्वाधीन करतो. तेव्हा हार, थर्मोकोल आणि पिशव्या किनाऱ्यावरच वेगळ्या काढूया आणि शाडूच्या मूर्तीचा आग्रह सोडू नये. जिथे आपण आपला देव पाठवतो, ते घर स्वच्छ राखण्याची जबाबदारीही आपलीच आहे.

गणपती बाप्पा मोरया, पुढच्या वर्षी लवकर या!